घरी काडतूस भरताय? दाब मात्र दुसऱ्याने मोजलेला असतो

इकडे अमेरिकेत शूटिंगचा नाद असलेल्या कोणाच्याही गॅरेजमध्ये डोकावलात तर बऱ्याचदा एका कोपऱ्यात जाड लाकडी टेबल दिसेल, त्याला बोल्टने घट्ट बसवलेला एक लोखंडी प्रेस, शेजारी छोटा काटा, प्लॅस्टिकच्या डब्यांत चकचकीत पितळी नळकांडी आणि वर फळीवर लेबल लावलेल्या बरण्या. याला रीलोडिंग म्हणतात, म्हणजे एकदा उडवलेल्या काडतुसाचं पितळ परत वापरून त्यात नवीन प्रायमर, नवीन पावडर आणि नवीन बुलेट बसवायची. स्वतःच्या वापरासाठी हे करायला इथे केंद्र सरकारचं कुठलंही लायसन्स लागत नाही, विकायचं असेल तर मात्र लागतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो कारण नंतर कोणीतरी विचारणारच, की आपल्याकडे हे अजिबात चालत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवल्याची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी आहे. तेव्हा हे जे लिहितोय ते अमेरिकेतल्या छंदाबद्दल आहे, आणि त्यातसुद्धा अमुक पावडर इतकी घाला असले आकडे मी देणार नाहीये. का देणार नाही हे पुढे वाचलंत की कळेलच, कारण खरा मुद्दाच तो आहे.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी केस (साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त), तिच्या बुडाशी प्रायमर, आत पावडर, तोंडाशी बुलेट. पिन प्रायमरवर आपटते, प्रायमरची ठिणगी बुडाच्या भोकातून आत जाते, पावडर पेटते, गॅस होतो, गॅस बुलेटला ढकलतो. यातलं केस सोडून सगळं एकदाच वापरायचं. केस हीच सगळ्यात महाग, म्हणून ती परत वापरण्यात पैसे वाचतात, निदान असं बायकोला सांगितलं जातं. खरं तर जेवढे वाचतात तेवढ्याचं जास्त शूटिंग होतं आणि वर नवीन प्रेस येतो. २०२०-२१ मध्ये इथे प्रायमरची अशी टंचाई झाली होती की ३-४ सेंटचा प्रायमर १० सेंटच्या वर गेला आणि तरी मिळेना, त्या काळात तर बचत वगैरे सगळं विसरा. पैशापेक्षा मोठं कारण म्हणजे आपल्या रायफलला नेमकं जे आवडतं ते आपण बनवू शकतो, दुकानातल्या डब्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

आता दाबाकडे येऊ. धूरविरहित पावडर आली १८८४ साली, पॉल व्हिएय नावाच्या फ्रेंच केमिस्टने केली, आणि त्याच माणसाने हेही दाखवून दिलं की अशी पावडर किती वेगाने जळते ते भोवतीच्या दाबावर अवलंबून असतं. उघड्यावर थोडी पेटवली तर ती भुरुभुरु जळते, स्फोट वगैरे होत नाही. पण बंद जागेत जळली की गॅस होतो, गॅसने दाब वाढतो, दाब वाढला की ती अजून जोरात जळते, म्हणजे आणखी गॅस, आणखी दाब, असं ते स्वतःच स्वतःला पळवत नेतं. बुलेट पुढे सरकायला लागली की मागची जागा वाढते आणि तेवढाच काय तो ब्रेक. हे सगळं एक-दीड मिलिसेकंदात आटपतं. म्हणूनच इथे सरळ हिशोब चालत नाही, १० टक्के पावडर वाढवली म्हणून दाब १० टक्केच वाढेल असं नाही, तो बराच जास्त वाढू शकतो, आणि एका टप्प्यानंतर किती वाढेल त्याचा अंदाजच बांधता येत नाही.

आकडे ऐका म्हणजे गांभीर्य कळेल. अमेरिकेत सॅमी म्हणून उत्पादकांची संस्था आहे, १९२६ पासूनची, ती प्रत्येक काडतुसासाठी कमाल दाब ठरवते. जुन्या .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (म्हणजे चौरस इंचावर इतके पाउंड दाब), ९ मिमी पिस्तुलाला ३५,०००, .३०८ विंचेस्टर रायफलला ६२,०००. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३२ च्या आसपास असतात. म्हणजे टायरच्या जवळपास १९०० पट दाब तुमच्या गालापासून काही इंचांवर तयार होतो आणि मध्ये फक्त थोडं पोलाद आणि एक पातळ पितळी नळी.

आणि आता मजा अशी की हा दाब घरी बसून जवळपास कोणालाच मोजता येत नाही.

हे नीट डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करायची गरजच नाही, ते आपोआप सुचतात. पुण्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे, तिथे काय किंवा इथे मिसुरीतल्या लेक सिटीच्या कारखान्यात काय, तयार मालातली काही काडतुसं टेस्ट बॅरलमधून उडवून दाब मोजतात, त्या बॅरलला सेन्सर बसवलेला असतो आणि दाबाचा आलेख समोर दिसतो. पावडर बनवणाऱ्या आणि बुलेट बनवणाऱ्या कंपन्याही हेच करतात आणि मग आपले तक्ते छापतात की ही बुलेट, ही केस, हा प्रायमर, एवढी लांबी, आणि ही पावडर इथपासून इथपर्यंत. घरी रीलोड करणारा माणूस स्वतः दाब मोजत नाही, तो कोणीतरी मोजलेला दाब उसना घेतो. आणि उसनं घेताना त्यांनी जे जे वापरलं तेच आपण वापरलं तरच तो आकडा आपल्याला लागू होतो. एक गोष्ट बदलली की तो आकडा तुमचा राहिला नाही.

काय काय बदलू शकतं ते बघा. मिलिटरीच्या केसची भिंत बऱ्याचदा जाड असते, बाहेरून माप तेच पण आतली जागा कमी, आणि जागा कमी म्हणजे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. बुलेटचं वजन सारखं असलं तरी पूर्ण तांब्याची बुलेट शिशाच्या बुलेटपेक्षा लांब असते (तांबं हलकं ना), ती केसमध्ये जास्त आत बसते, परत जागा कमी. पिस्तुलाच्या काडतुसात बुलेट फीड होताना आपटून थोडी आत सरकली तरी दाब उसळतो, त्या छोट्या केसमध्ये मुळात जागाच किती असते. रायफलमध्ये उलटंही होतं, बुलेट इतकी पुढे ठेवली की ती बॅरलच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना आधीच टेकलीय, तर सुरुवातीलाच अडते आणि दाब चढतो. प्रायमर साध्याऐवजी मॅग्नम (जास्त जोराचा) घातला तरी फरक पडतो.

आणि पावडरची नावं, देवा! एकाच आकड्याच्या पुढे दोन कंपन्यांची वेगवेगळी अक्षरं असतात, एच ४३५० आणि आयएमआर ४३५०, दोन्ही वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही. याच्या बरोबर उलट, एच ११० आणि डब्ल्यू २९६ ही नावं अजिबात जुळत नाहीत पण डब्यात पावडर एकच असते. म्हणजे नावावरून अंदाज करायची सोयच नाही. म्हणून टेबलावर एका वेळी एकच पावडरची बरणी, बाकीच्या कपाटात बंद. काम संपलं की मापकात उरलेली पावडर लगेच तिच्याच मूळ डब्यात परत. उद्या परत करायचंय म्हणून तशीच ठेवली तर उद्या ती नक्की कुठली हे आठवणीवर सोडावं लागतं, आणि पावडर दिसायला सगळ्या साधारण सारख्याच, काळपट राखाडी दाणे. कुठली आहे याची शंका आली की ती पावडर संपली असं समजायचं. इथे बरेच जण अशी थोडीफार पावडर लॉनवर पसरून टाकतात, नायट्रोजन असतो त्यात, गवताला चालतो.

तक्त्यात दोन आकडे असतात, सुरुवातीचा आणि कमाल. नवीन माणसाला कमालवाला आकडा खुणावतो. सुरुवात खालूनच करायची आणि थोडं थोडं वर जायचं, कारण तुमची बॅरल त्यांची बॅरल नाहीये, तुमचं चेंबर (बॅरलच्या मागे काडतूस बसतं ती जागा) थोडं घट्ट असेल तर त्यांच्या कमालच्या आधीच तुमचं कमाल येतं. लोक म्हणतात दाब वाढला की खुणा दिसतात, प्रायमर चपटा होतो, केसच्या बुडावर चमकदार ठसा उमटतो, बोल्ट (रायफलचं चेंबर मागून बंद करणारा दांडा) उचलायला जड जातो. या खुणा दिसल्या तर थांबायचंच, पण खुणा नाहीत म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही, बऱ्याच रायफलींमध्ये त्या दिसायला लागतात तोपर्यंत तुम्ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यापेक्षा वेग मोजायचा क्रोनोग्राफ जास्त खरं बोलतो. तक्त्यात कमाल पावडरीला जेवढा वेग दिलाय त्यापेक्षा तुमचा जास्त येतोय आणि बॅरलची लांबी तेवढीच आहे, तर तो जास्तीचा वेग फुकटात आलेला नाही, दाब देऊनच आलाय.

खूप कमी पावडर घातली की सुरक्षित असंही नाही बरं का. तक्त्याच्या खालच्या आकड्याच्या खाली उतरायला पण मनाई असते. मोठ्या केसमध्ये अगदी थोडी पावडर आडवी पसरलेली असली की ती कशी पेटेल ते तिच्या जागेवर ठरतं, कधी पुढे गोळा झालेली, कधी मागे, आणि काही पावडरींच्या बाबतीत तर बुलेट बॅरलमध्येच अडकून बसते.

यावरून आता घरच्या रीलोडिंगमधल्या सगळ्यात धोक्याच्या दोन चुका, आणि गंमत म्हणजे दोन्ही चुका माहिती नसल्यामुळे होत नाहीत, लक्ष विचलित झाल्यामुळे होतात. पहिली म्हणजे केसमध्ये पावडर पडलीच नाही. दुसरी म्हणजे दोनदा पडली.

पावडर नसलेलं काडतूस निरुपद्रवी वाटतं, पण नाहीये. एकट्या प्रायमरच्या जोरावर बुलेट केसमधून निघते आणि बॅरलमध्ये थोडं जाऊन रुतते. आवाज नेहमीसारखा धाड न होता नुसता फुसका होतो, झटका बसत नाही. भरभर गोळीबार चालू असला तर माणूस सवयीने परत स्लाइड ओढतो आणि पुढचा बार काढतो, आता समोर बॅरल बंद आहे आणि मागून पूर्ण भरलेलं काडतूस आलंय. बॅरल फुगते किंवा फाटते. म्हणून इथल्या पिस्तुलाच्या मॅचमध्ये रेंज ऑफिसरला असा फुसका आवाज आला की तो लगेच स्टॉप ओरडतो, स्पर्धकाचा वेळ गेला तरी चालेल. आणि आवाजच आला नाही, नुसती खट्ट झाली, तर बॅरल समोरच ठेवून निदान अर्धा मिनिट तसंच थांबायचं, कधी कधी प्रायमर उशिरा पेटतो.

दुप्पट पावडरीचा किस्सा मुख्यतः पिस्तुलाच्या काडतुसांत होतो. .३८ स्पेशल १८९८ च्या आसपासचं, त्याची केस काळ्या दारूच्या हिशोबाने मोठी ठेवलेली, आणि आजची वेगाने जळणारी पावडर त्यात तळाला जेमतेम दिसेल एवढीच लागते. म्हणजे चुकून दोन माप पडलं तरी बाहेर सांडत नाही, वर बुलेट आरामात बसते आणि बाहेरून बघून काहीही कळत नाही. यावर अनुभवी लोकांचा उपाय असा की शक्य असेल तिथे जागा भरणारी, फुगीर पावडर निवडायची, जिचं एक माप घातलं की केस अर्ध्याच्या वर भरते, मग दुसरं माप पडलं तर ते ओतूच जातं. चूक झाली तर ती स्वतःहून डोळ्यात भरली पाहिजे, असा सगळा विचार आहे, आणि मला वाटतं या छंदातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे, कारण यात माणसाच्या लक्ष असण्यावर भरवसाच ठेवलेला नाही.

साधा एकेक पायरीचा प्रेस असला तर पद्धत अशी, केसेस लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या लावायच्या, सगळ्यांत पावडर घालून झाली की एकही बुलेट बसवायच्या आधी टॉर्च घेऊन वरून प्रत्येक केसमध्ये बघायचं. ओळीत एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली असेल तर ती लगेच वेगळी दिसते. प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणजे ज्यात हँडल एकदा ओढलं की चार-पाच कामं एकदम होतात, तासाला शेकड्यांनी काडतुसं निघतात, तिथे हे असं निवांत बघता येत नाही, म्हणून पावडरची पातळी तपासणारी वेगळी डाय (प्रेसमध्ये बसणारा साचा) बसवतात, पातळी कमीजास्त झाली की ती आवाज करते. नवशिक्याने आधी साधा प्रेसच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, वेगवान यंत्र चुकासुद्धा वेगानेच करतं.

आणि मध्येच फोन वाजला, पोरगं आलं, कुरिअरवाला आला तर? जिथे होतो तिथून पुढे चालू करायचं नाही. त्या क्षणी अर्धवट असलेली केस रिकामी करायची आणि पहिल्यापासून. टीव्ही बंद, बिअर नंतर. प्रोग्रेसिव्ह प्रेस मध्येच अडकला की तर जास्तच सांभाळा, कारण अडकलेलं सोडवताना हँडल पुढे-मागे होतं आणि एखाद्या केसमध्ये दुसरं माप पडतं ते तेव्हाच.

वजनाकडे येऊ. इथे पावडर आणि बुलेट दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या लोकांना हे परकं वाटतं, पण आपला जुना सोन्याचा तोळा इंग्रजांनी ठरवला होता तो बरोबर १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम. म्हणजे .३०८ ची १८० ग्रेनची बुलेट ही अगदी एक तोळा भरते, आणि सोनाराची गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा किंचित जास्त. रीलोडर ज्या ०.१ ग्रेनसाठी जीव टाकतो ते गुंजेच्या अठराव्या-एकोणिसाव्या भागाएवढं आहे. एवढं बारीक मोजायचं तर काटा तसा हवा आणि जागाही तशी हवी. डिजिटल काटा चालू केल्या केल्या वापरायचा नाही, थोडा गरम होऊ द्यायचा, पंखा आणि एसीची झुळूक बंद, मोबाईल लांब. आणि माहीत असलेल्या वजनाने तो अधूनमधून तपासायचा, नुसता सुरुवातीला नाही. डिजिटल काट्याचा शून्य हळूहळू सरकतो आणि सरकताना तो तुम्हाला सांगत नाही. तपासायचं वजन पण पावडरीच्या वजनाच्या जवळपासचं असावं. जुना तराजूसारखा बीम काटा या बाबतीत बरा, हळू आहे पण त्याला बॅटरीचे नखरे नाहीत, गुरुत्वाकर्षण काही कमीजास्त होत नाही.

पितळाबद्दल थोडक्यात. बार उडाला की केस फुगून चेंबरला चिकटते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब गेला की थोडी आकसते म्हणून बाहेर निघते. हे दर वेळी झालं की पितळ पुढे सरकत जातं, केस लांब होते. .३०८ च्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच, त्याच्या वर गेली की तोंड चेंबरच्या कडेत चेपलं जातं, बुलेट सुटायला अडते, परत तेच, दाब. म्हणून ती कापून २.००५ ला आणतात. पण पितळ पुढे गेलं म्हणजे कुठून तरी कमी झालं ना, ते कमी होतं बुडाच्या थोडं वर, आतल्या बाजूने एक खाच पडत जाते आणि एक दिवस केस तिथून दोन तुकडे होते. बाहेरून कधी कधी चकाकती रेघ दिसते, नाही तर पेपर क्लिपचं टोक वाकवून आत घालून भिंतीवरून ओढायचं, खाचेत अडकलं की ती केस भंगारात. केसचा खांदा (बुलेट धरणाऱ्या मानेखालचा उतार) डायमध्ये गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर हा आजार फार लवकर होतो, इंचाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढा ढकलला तरी बोल्ट रायफलला पुरतो.

वारंवार वापरून पितळ कडकही होतं, मग मान चिरते. त्यासाठी मान आणि खांदा तापवून मऊ करतात, ॲनीलिंग. फक्त मान आणि खांदा, बूड कधीच नाही. बूड मऊ झालं की ते ६२,००० पीएसआय धरून ठेवायला कोणीच उरलं नाही.

प्रायमर हा यातला खरा स्फोटक पदार्थ. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायचे, त्या खोक्यात प्रत्येकाला वेगळी जागा असते ती उगाच नाही, काचेच्या बरणीत ओतून ठेवले आणि एक पेटला तर सगळे एकदम जातात. डोळ्यांवर चष्मा हवाच. प्रायमर केसच्या बुडापेक्षा किंचित आत बसला पाहिजे, बाहेर डोकावत असला तर काही सेमी-ऑटो रायफलींमध्ये (एम १ गॅरंडसारख्या, ज्यात पिन मोकळी असते) बोल्ट पुढे आपटतानाच बार उडू शकतो, तोही बोल्ट नीट लॉक व्हायच्या आधी. म्हणून प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवून बघायचं, दोन सेकंदांचं काम.

साठवणीबद्दल इथल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा कोडमध्ये घरासाठी मर्यादा आहेत, मूळ डब्यांत २० पाउंडांपर्यंत पावडर, त्याच्यावर ५० पर्यंत असेल तर निदान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत, आणि प्रायमर १०,०००. लाकूड का, लोखंडी तिजोरी का नाही? कारण आग लागलीच तर पेटीने लवकर सुटून जावं, दाब कोंडून ठेवू नये. तिजोरीत पावडर ठेवणं म्हणजे बॉम्ब बनवण्याची तयारी. पावडरच्या डब्याला आंबट उग्र वास यायला लागला किंवा लालसर वाफ दिसली तर ती खराब झालीय, घरातून बाहेर.

शिशाचा मुद्दा लोक सहज घेतात आणि तसं करू नये. बुलेटमधलं शिसं दिसतं तरी, पण बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं स्फोटक संयुग असतं, ते जळून केसमध्ये काळी धूळ होऊन बसतं आणि वापरलेल्या केसेस कोरड्या टंबलरमध्ये (केसेस साफ करायच्या यंत्रात) घासल्या की तीच धूळ हवेत. त्यामुळे टंबलर घरात नाही, ओल्या पद्धतीने धुतलं तर आणखी बरं, काम झालं की हात धुवायचे, टेबलावर खायचं-प्यायचं नाही, आणि लहान मुलं घरात असतील तर ते कपडेही वेगळे.

आता सातत्य. एक हजार यार्डांवर .३०८ च्या नेहमीच्या बुलेटचा वेग सेकंदाला २० फुटांनी बदलला की लक्ष्यावर साधारण ७-८ इंच वर-खाली फरक पडतो. ओहायोत कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय मॅचेस होतात, तिथे हजार यार्डांवर झोपून मारणारे बघितले की कळतं हा आकडा किती बोचतो, कारण एफ-क्लास प्रकारात (रायफल टेकूवर ठेवून मारायचा प्रकार) त्या अंतरावर दहा गुणांचं वर्तुळच १० इंच व्यासाचं आणि त्याच्या आतलं एक्स ५ इंचांचं. म्हणून लोक काडतुसागणिक वेगातला फरक कमी करायच्या मागे लागतात, आणि त्यासाठी जे करावं लागतं ते सगळं वर येऊन गेलंय, एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) केसेस, सारखी लांबी, मानेची पकड सारखी, पावडर तोलून, बुलेट सारख्याच खोलीवर. म्हणजे अचूकतेसाठी वेगळी यादी आणि सुरक्षिततेसाठी वेगळी अशी काही भानगडच नाही. पावडर दर वेळी तेवढीच पडली तर ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा पसारा) छोटा येतो आणि बॅरलही शाबूत राहते.

पण इथेच लोक स्वतःला फसवतात. पाच बार मारले, क्रोनोग्राफने स्टँडर्ड डेव्हिएशन (वेगातला चढउतार सांगणारा आकडा) ६ दाखवला, की झाला फोटो काढून सगळ्यांना पाठवायला तयार. पाच बारांवरून काढलेल्या डेव्हिएशनची विश्वासार्हता किती असते? नेहमीच्या ९५ टक्क्यांच्या हिशोबाने खरा आकडा त्याच्या ०.६ पट ते जवळपास २.९ पट यात कुठेही असू शकतो. म्हणजे तुमचे ६ हे खरे ३.६ पण असतील आणि १७ पण. वीस बार मारले तर ही रेंज ०.७६ ते १.४६ पट इतकी आवळते. आता विचार करा, पावडर ०.१ ग्रेनने बदलून तीन-तीन बारांचे ग्रुप मारून त्यातला छोटा निवडणारा माणूस नक्की काय निवडतोय? बऱ्याचदा नशीब निवडतोय. पुढच्या आठवड्यात तोच लोड पसरला की म्हणतो आज वारा होता. माझं म्हणणं एवढंच की आधी वीस बारांचा एक कंटाळवाणा ग्रुप मारा, मग काय सुधारायचं ते ठरवा. आणि शंभरातल्या नव्वद जणांना तो पसारा पावडरीमुळे नाही तर ट्रिगर ओढताना होतो हे दिसेल, पण ते ऐकायला कोणाला आवडत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, आणि त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस असतं. त्यात प्रायमर वेगळा नसतोच, मिश्रण केसच्या कडेच्या आत फिरवून भरलेलं असतं, त्यामुळे एकदा पिनने कड चेपली की ती केस संपली. म्हणजे जगातले हे सगळ्यात नेमके नेमबाज घरी काहीच भरू शकत नाहीत. मग ते काय करतात? या पातळीवरची मंडळी ईले, लापुआ, आरडब्ल्यूएस अशा कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर आपली बॅरल घेऊन जातात, वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जो लॉट आपल्या बॅरलला जुळला तो घाऊक उचलतात. डब्यावर नाव तेच, किंमत तीच, पण लॉट बदलला की ग्रुप बदलतो. रीलोडरलाही हेच लागू, पावडरचा नवीन डबा आणला, नाव तेच असलं तरी लॉट नवीन आहे, तर थोडं खाली उतरून परत वर यायचं.

आणि हे सगळं लक्षात राहणार नाही म्हणून वही. तयार काडतुसांच्या प्रत्येक डब्यावर लेबल: तारीख, पावडर आणि तिचा लॉट, किती ग्रेन, कुठली बुलेट, प्रायमर, केस कितव्यांदा वापरली. समजा एखाद्या डब्यात गडबड झाल्याची शंका आली, काटा सरकला होता की काय असं वाटलं, तर लेबलामुळे नेमकी तेवढीच पन्नास-शंभर काडतुसं बाजूला काढता येतात आणि हातोडीसारखं दिसणारं बुलेट काढायचं साधन असतं त्याने परत सुटी करता येतात. बाहेरून तोलून संशयित काडतूस शोधायचा प्रयत्न बरेच जण करतात, पिस्तुलात तो चालत नाही, कारण केस आणि बुलेट यांच्याच वजनात एवढा फरक असतो की चार-पाच ग्रेन पावडर त्यात लपून जाते.

शेवटचं एक, मित्र प्रेमाने आपली भरलेली काडतुसं देतात, घे मारून बघ म्हणतात. घ्यायची नाहीत, आणि आपलीही द्यायची नाहीत. त्याने ती त्याच्या चेंबरसाठी भरलीत, तुमच्या रायफलमध्ये ती खाचांना टेकत असतील, आणि तो काय मोजून भरतो ते तुम्ही बघितलेलं नाही. बंदूक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येसुद्धा बहुतेक सगळीकडे लिहिलेलं असतं की रीलोड वापरल्याने काही झालं तर वॉरंटी लागू नाही, दुसऱ्याचं तर सोडाच, स्वतःचं वापरलं तरी.